खंडेनवमीचा गिअरबॉक्स

हरिशंकरपुरममध्ये जयसिंहराव इंगळ्यांचं घर विचारलं, की लोक फाटकाची खूण सांगतात. अर्धं हिरवं, अर्धं गंजलेलं. जयसिंहरावांनी ते रंगवायला घेतलं, त्याला सहा वर्षं झाली. आत गेलं की भिंतीवर लंबकाच्या घड्याळाची नुसती चौकट दिसते. यंत्र ट्रंकेत आहे, दुरुस्तीसाठी काढलेलं. कोपऱ्यात बाजाची पेटी आहे. तिच्या काळ्या पट्ट्या वाजतात, पांढऱ्यांचं काम अजून बाकी आहे.

आरंभशूर हा शब्द आपल्या नवऱ्याला पाहूनच कुणाला तरी सुचला असावा, असं त्यांची बायको शांताताई म्हणतात. त्या ते चेष्टेत म्हणतात असं पाहुण्यांना वाटतं. पाहुण्यांना या घरात राहायचं नसतं.

म्हणून भाद्रपदात एका सकाळी चहाच्या वेळी जयसिंहराव म्हणाले, "गाडीचा गिअरबॉक्स मी स्वतः उघडतो," तेव्हा शांताताई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत. कपबशा उचलून आत गेल्या.

गाडी शांताताईंची होती. हे आधीच नीट सांगायला हवं, कारण सगळे उलटं समजतात. लहानशी, पांढरी, चार गिअरची, अठ्ठावीस वर्षांची गाडी. शांताताई हजीऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. एक्केचाळीसाव्या वर्षी, मेळ्याच्या रिकाम्या मैदानावर, पदर कमरेला खोचून त्या गाडी शिकल्या, आणि पुढची वीस वर्षं हरिशंकरपुरम ते हजीरा रोज स्वतः चालवत गेल्या. जयसिंहरावांनीही शिकून पाहिलं होतं. शिकता शिकता त्यांनी शेजाऱ्यांचं तुळशीवृंदावन पाडलं आणि विषय संपला. तेव्हापासून ते डावीकडे बसतात, मांडीवर पिशवी घेऊन. त्यांच्या पूर्वजांनी दक्षिणेतून घोड्यावर बसून इथवर, थेट उत्तरेत, मजल मारली, आणि यांना बायको बाजारात नेते, असं त्यांचे मित्र म्हणायचे. जयसिंहराव म्हणायचे, "बरोबर आहे. घोडं तिला येतं."

निवृत्त झाल्यावरही शांताताईंचं चाक थांबलं नाही. गुरुवारी दोन जुन्या मास्तरणींना घेऊन देवळात, रविवारी मंडईत, आणि मनात आलं की एकट्याच बहिणीकडे हजीऱ्याला. कुणाला विचारायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही.

मग श्रावणात गाडीचा तिसरा गिअर रुसला. पडताना करकरायचा, आणि पडलाच तर चढावर फटकन सुटायचा. एकदा भर चौराह्यात सुटला आणि मागचा ट्रक हातभर अंतरावर येऊन थांबला. चौराह्यावरच्या मिस्त्रीनं गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि सांगितलं, "बाबूजी, बक्सा गया. पूरा बदलो, नहीं तो गाड़ी कटवा दो."

मुलगी हर्षिता दर्पण कॉलनीत राहते. ती त्याच संध्याकाळी आली. "आई, बस ना आता. किती चालवशील? कुठे जायचं असेल तर मी कॅब बुक करून देईन. दो मिनट का काम है." जुन्या गाड्या तोडायला नेणारा एक माणूसही तिनं शोधून ठेवला होता.

शांताताई म्हणाल्या, "ठीक आहे."

हे 'ठीक आहे' जयसिंहरावांनी याआधी एकदाच ऐकलं होतं, शांताताईंचे वडील गेल्याचा फोन आला तेव्हा. हर्षिता गेली, पण रात्री त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना दिसलं, की गाडीची किल्ली खुंटीवर नाही. ती शांताताईंच्या पर्समध्ये होती. गाडी दारात निपचित उभी, पण भाजी आणायला रिक्षानं जातानासुद्धा किल्ली पर्समध्ये. त्यांनी हर्षिताला फोन लावला. "त्या माणसाला सांग, कोजागिरीनंतरच्या सोमवारी ये. तोवर मी पाहतो."

"बाबा, तुम्ही?" हर्षिता म्हणाली. "फाटक तरी पूर्ण करा आधी."

"सोमवारपर्यंत गाडी रस्त्यावर आली नाही, तर घेऊन जाऊ देत त्याला. मी एक शब्द बोलणार नाही."

शांताताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. मग त्यांनी पर्समधली किल्ली चाचपून पाहिली.

जयसिंहरावांनी चौतीस वर्षं भू-अभिलेख खात्यात नकाशे काढले होते. यंत्राचं त्यांना ज्ञान नव्हतं, पण एखादी गोष्ट जागेवरून हलवण्यापूर्वी तिची जागा कागदावर उतरवायची, हे हाडीमांसी भिनलेलं. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, एक मळकं पुस्तक मिळवलं, गाडी उचलून टेकवायला मिस्त्रीकडून लोखंडी घोड्या मागून आणल्या. (पहिल्या दिवशी ते गाडी विटांवर चढवायला निघाले होते. शांताताईंनी खिडकीतून नुसतं "आधी विटा काढा" म्हटलं आणि खिडकी लावून घेतली.) मग रोज थोडं थोडं. तेल काढलं, चाकांकडे जाणारे दांडे ओढून काढले, एकेक बोल्ट सोडवला आणि ज्याच्या त्याच्या नावाच्या डबीत ठेवला. शेवटी पंचवीस-तीस किलोचा तो डबा जॅकवर तोलून, इंच इंच करत, जुन्या गादीवर उतरवला. तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या या माणसाच्या अंगावर घामानं एकही जागा कोरडी राहिली नव्हती, आणि तो एखाद्या पोरासारखा खूश होता.

डबा उघडून आतले दांडे बाहेर आले. त्यांनी पडवीत एक पांढरी चादर अंथरली. जो भाग निघेल तो चादरीवर ठेवायचा, पेन्सिलीनं त्याच्या कडेनं रेघ ओढायची, आत आकडा घालायचा. पहिला गिअर, दुसरा, त्यांच्या मधली पितळी कडी, स्प्रिंगा, बेअरिंग. बघता बघता चादरीवर एक गाव वसलं. प्रत्येक भागाला त्याचं घर, घराला नंबर. शेजारचे लोक येऊन बघून जायचे. "इंगळेसाब, ये वापस भी जाएगा?" असं विचारायचे. जयसिंहराव म्हणायचे, "नकाशा आहे."

आता एक भाग जरा समजून घ्यायला हवा, सगळं घोडं तिथेच अडलं. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरच्या मध्ये एक दातेरी चाक बसतं. मिस्त्री लोक त्याला हब म्हणतात. दोन्ही बाजूंनी ते जवळजवळ सारखंच दिसतं, पण त्याला उलटसुलट आहे. एक तोंड तिसऱ्याकडे, दुसरं चौथ्याकडे. उलटं बसलं तर गिअर धड पडायचा नाही. जयसिंहरावांनी बॉलपेननं त्याच्या एका तोंडावर निळा बाण काढला. पितळी कड्यांवर आकडे घातले. चादरीवरची रेघ मात्र वरून पाहून ओढलेली होती, नकाशात ओढतात तशी. जमीन त्यांनी जन्मभर वरूनच पाहिली होती, आणि जमिनीला खालची बाजू नसते.

तिसऱ्या गिअरची कडी झिजून गुळगुळीत झाली होती, दोन बेअरिंगं खिळखिळी. हेच दुखणं होतं. नवे भाग दिल्लीहून यायला नवरात्र उजाडलं. ते अष्टमीला आले.

अष्टमी म्हणजे इंगळ्यांच्या घरी हत्यारं धुण्याचा दिवस. अष्टमीला धुवायची, खंडेनवमीला पुजायची, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही रीत दक्षिणेतून आलेली. हत्यार म्हणजे आता एकच, देवघराच्या माळ्यावरची पणजोबांची तलवार. तिनं आता लोणीसुद्धा कापलं जाणार नाही. तिच्याबरोबर विळी, कात्री, हातोडी, आणि दरवर्षी गाडीचा जॅक. जयसिंहराव त्या दुपारी जुनी बेअरिंगं दांड्यावरून उतरवून घ्यायला हजीऱ्याला लेथवाल्याकडे गेले होते. परत आले, तर पडवीतली चादर रिकामी.

ते देवघराच्या दाराशी पोचले आणि तिथेच थांबले. पाटावर लाल कापड, त्यावर तलवार, आणि तलवारीभोवती परातीत, ताटात, ताम्हनात मांडलेला त्यांचा गिअरबॉक्स. लहान डावीकडे, मोठे उजवीकडे, पाने, स्क्रूड्रायव्हर ओळीनं. पितळी कड्या देवांच्या समया चमकाव्यात तशा चमकत होत्या. शांताताईंच्या कोपरापर्यंत चिंच आणि राख होती.

"बघा," त्या म्हणाल्या. "पितळ आहे ना, मग चिंचेनंच निघतं. तुमचं ते पेट्रोल काही कामाचं नाही. यंदा गाडी नाही पुजायला, तर म्हटलं हिचं काळीज तरी पुजून टाकू."

महिनाभरात त्या या कामाच्या जवळ फिरकल्या नव्हत्या. पडवीतून जाताना साडी सावरून, नजर दुसरीकडे ठेवून जायच्या. आणि आज त्यांचा चेहरा उजळला होता. जयसिंहरावांनी हबकडे पाहिलं. निळा बाण गेला होता. आकडे गेले होते.

"वा," ते म्हणाले. "छानच झालं."

एवढं बोलायला त्यांना किती बळ लागलं ते त्यांनाच ठाऊक. आमटीत मीठ कमी पडलं तर पहिल्या घासाला सांगणारा हा माणूस. पण त्या आनंदावर पाणी फिरवणं त्यांच्यानं झालं नाही. नवमीला त्यांनी स्वतः हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली, आणि हबला जरा जास्तच वेळ नमस्कार केला.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरली. चादरीवरच्या घरांत भाग परत गेले; आकार जुळले. कड्या दातांवर बसवून बसवून त्यांनी जोड्या लावल्या. राहिला तो हब. त्याच्या घरात तो दोन्ही तोंडांनी चपखल बसत होता. जयसिंहराव भिंग घेऊन दारात उन्हाला बसले. कुठे झीज जास्त आहे, कुठे कड किंचित उंच आहे. पुस्तकातलं चित्र पुसट, व्हिडिओतली गाडी वेगळी. शांताताई दोनदा दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

दरवर्षी दसऱ्याला दोघं गाडीनं शिवपुरी रस्त्यावर शहराच्या हद्दीपलीकडे जाऊन यायचे. तेच त्यांचं सीमोल्लंघन. पलीकडे गाडी थांबवायची, एकमेकांना शमीची पानं द्यायची, परत फिरायचं. यंदा गाडी घोड्यांवर होती. हर्षिता म्हणाली, "मी नेते ना माझ्या गाडीत." शांताताई नको म्हणाल्या. शमीची पानं त्यांनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली, किल्लीशेजारी.

जयसिंहरावांनी शेवटी मनाचा कौल घेतला, हब एका तोंडानं बसवला आणि पुढे निघाले. या वेळी ते थांबले नाहीत, हे त्यांच्या शत्रूनंही कबूल करावं. सकाळी आठ ते दिवेलागण. दांडे डब्यात बसले, डबा बंद झाला, जॅकवर चढला, इंजिनाला लागला. हात सोलवटले, पाठ धरली. कोजागिरी झाली. शनिवारी दुपारी नवं तेल भरून, चाकं अधांतरी ठेवूनच, त्यांनी आत बसून जोडकिल्लीनं इंजिन चालू केलं. पहिला पडला. लोण्यासारखा. दुसरा पडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्याकडे दांडा ढकलला, तो अर्ध्यावर गेला आणि खर्रर करून अडला. पुन्हा ढकलला. पुन्हा अडला. चौथा पडला, रिव्हर्स पडला. तिसरा नाही.

हब उलटा होता. दोन शक्यतांपैकी त्यांनी चुकीची उचलली होती.

त्यांनी इंजिन बंद केलं. आवाज ऐकून शांताताई बाहेर आल्या होत्या. पदराला हात पुसत त्यांनी विचारलं, "झाली?"

इथे जयसिंहरावांकडे चाळीस वर्षांची शिदोरी होती. 'थोडंसंच राहिलंय.' 'चालवून चालवून मोकळा होईल.' फाटक, घड्याळ, पेटी, सगळं याच वाक्यांवर तगलं होतं. आणि दुसरंही एक उत्तर होतं, तेही खरंच: खूण तू पुसलीस.

"नाही झाली," ते म्हणाले. "तिसरा पडत नाही. एक चाक माझ्याकडून उलटं बसून गेलं. सगळं परत उतरवून उघडावं लागेल."

"किती दिवस?"

"आठ. दहा."

"आणि तो माणूस परवा येणार."

"हो."

शांताताईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. "बाकीचे पडतात?"

"पडतात."

"मागे जाते?"

"जाते."

"मग उद्या सकाळी चाकं खाली घ्या," असं म्हणून त्या आत गेल्या.

रविवारी सकाळी रस्ता मोकळा होता. शांताताईंनी आरसा नीट केला, पर्समधून किल्ली काढली. जयसिंहराव डावीकडे, मांडीवर पिशवी. पिशवीत काही नव्हतं. सवयीनं घेतली होती. पहिला, दुसरा. गाडी वेग घेऊ लागली तशी त्यांनी पिशवी घट्ट धरली. शांताताईंनी इंजिनाचा आवाज ऐकला, दुसऱ्यात जरा जास्त वेळ ताणलं आणि तिसरा ओलांडून सरळ चौथ्यात टाकली. गाडी एकदा थरथरली, खोकली, आणि धावू लागली. चढ आला की परत दुसरा. शिकलेला हात तो. एक खोली बंद असली तर घरातलं माणूस पडवीतून वळसा घालून जातं, तशा त्या गेल्या. दोन महिन्यांनी त्यांच्या खांद्यांना पूर्वीचा आकार आला होता, आणि जयसिंहरावांना ते पाहून रडू येईल की काय असं वाटलं. उद्या ही गाडी तोडायला जाणार होती.

शहराच्या हद्दीची पाटी मागे गेली. पुढच्या बाभळीखाली शांताताईंनी गाडी कडेला घेतली. रुमाल उघडला. शमीची पानं आठ-दहा दिवसांत सुकून चुरमुडली होती.

"सोनं घ्या," त्या म्हणाल्या.

जयसिंहरावांनी ओंजळ पुढे केली. पानं देऊनही शांताताईंचा हात त्यांच्या ओंजळीत तसाच राहिला.

"त्या चाकावर निळ्या शाईची खूण होती ना?"

जयसिंहरावांनी नजर चुकवली, तेव्हा त्याच पुढे म्हणाल्या,

"होती. मला वाटलं, पेन गळलं असेल. चिंचेनं जाईना, म्हणून राखेनं घासली. चांगली दहा मिनिटं. दसऱ्याला तुम्ही भिंग घेऊन बसलात, तेव्हा मला माहीत पडलं. रोज वाट पाहिली, आज बोलतील, उद्या बोलतील. काल तर 'झाली?' म्हणून मी विचारलंसुद्धा."

"चूक माझीपण आहे ना," जयसिंहराव घाईनं म्हणाले. "नकाशा नुसता वरून काढला. बाजूनं एक काढला असता, तर..."

"तुम्ही गप्प बसा." शांताताईंचा आवाज ओला झाला. "बेचाळीस वर्षांत भात जरा मोकळा झाला तरी ऐकवलंत. आणि हे पोटात ठेवलंत होय?"

"तू किती हौसेनं घासलं होतंस ते," जयसिंहराव म्हणाले. याहून जास्त त्यांना सांगता येईना.

पर्समधला फोन वाजला. हर्षिता होती. तिचा आवाज दोघांनाही ऐकू येत होता. "आई, वो आदमी कल नौ बजे आ रहा है. गाडीचे पेपर काढून ठेव हं."

"त्याला सांग, येऊ नको."

"मतलब? गाडी ठीक झाली? बाबांनी केली? सगळे गिअर पडतात?"

शांताताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सोलवटलेली बोटं, नखांत न निघणारं काळं तेल.

"तीन पडतात," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "गाडी रस्त्यावर आहे, मी हद्दीपलीकडून बोलतेय. आणि जो एक अडलाय ना, तो माझ्यामुळे अडलाय. तो आम्ही दोघं उघडणार आहोत. किती दिवस लागतील ते विचारू नकोस."

फोन पर्समध्ये गेला. जयसिंहरावांनी शमीची पानं सदऱ्याच्या वरच्या खिशात, निळ्या पेनाशेजारी ठेवली.

"पेन नको हं या वेळी," शांताताई म्हणाल्या. "छिन्नीनं खूण करा. माझ्या हातानं जाणार नाही अशी."

आणि डोळे पुसून त्यांनी गाडी पहिल्यात टाकली.